झेपेल तेवढीच आरव्ही

अमेरिकेत पहिल्यांदा आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, घेणाऱ्याला सल्ल्यांची वानवा कधीच नसते. डीलर सांगतो, ऑफिसातला सहकारी सांगतो, कॅम्पग्राउंडवर शेजारच्या जागेत खुर्ची टाकून बसलेले निवृत्त गृहस्थ न विचारता सांगतात. त्यातलं बरंचसं खरंही असतं. पण हे सल्ले बहुतेक वेळा खरेदीच्या यादीसारखे येतात: ही नळी घ्या, तो कॅमेरा बसवा, अमुक गादी टाका. ज्या चुकांनी खरोखर पैसे बुडतात किंवा जिवावर बेततं, त्या मात्र थोड्याच आहेत आणि त्यांची मुळं चार गोष्टींत सापडतात: वजन, पाणी, टायर आणि वीज. या चारांना जो आधी वेळ देतो, त्याला बाकीचं रस्त्यावर शिकता येतं. जो देत नाही, त्याला महागातल्या वस्तूही वाचवत नाहीत.

मराठी कुटुंबांना हा विषय आता परका राहिलेला नाही. उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा येतात, मुलांना सुट्टी असते, यलोस्टोन किंवा ग्रँड कॅन्यन सगळ्यांनी मिळून पाहायचं असतं. घरचं जेवण, स्वतःचं अंथरूण आणि स्वतःचं स्वच्छतागृह बरोबर नेता येईल, या कल्पनेचा मोह पडतोच, आणि तो रास्त आहे. म्हणूनच त्यातलं काय झेपेल आणि काय नाही, हे सही करण्याआधी कळायला हवं.

बाजार कसा आहे

चाकांवरचं घर ही अमेरिकेची जुनी हौस. १९१९ मध्ये फ्लोरिडातल्या टँपा इथे ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ ही मोटारीने फिरून तंबूत राहणाऱ्यांची संघटना निघाली. १९३० च्या दशकात वॉली बायम यांनी चकचकीत ॲल्युमिनियमची एअरस्ट्रीम आणली आणि १९५६ च्या कायद्यानंतर आंतरराज्य महामार्गांनी या हौसेला रस्ता दिला. आज अमेरिकेतल्या बहुतेक आरव्ही इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट परिसरात बनतात. ब्रँडची नावं डझनावारी दिसली, तरी बाजाराचा मोठा हिस्सा थॉर, फॉरेस्ट रिव्हर आणि विनेबेगो या तीन समूहांच्या हातात आहे. त्यामुळे नावावर भुलण्यात फारसा अर्थ नाही. समोर उभी असलेली ती एक गाडी कशी बांधली आहे, हेच पाहायचं.

कोविडच्या साथीच्या काळात मागणी अशी उसळली, की २०२१ मध्ये सहा लाखांवर आरव्ही कारखान्यांतून बाहेर पडल्या. २०२३ मध्ये हा आकडा तीन लाखांच्या थोडा वर, म्हणजे जवळपास निम्म्यावर आला. त्या भरात घेतलेल्या कितीतरी गाड्या मोजक्या सहलींनंतर अंगणात उभ्या राहिल्या आणि आता सेकंड हँड बाजारात येत आहेत. पारख असेल तर ही संधी आहे.

ओढायची की चालवायची

आरव्हीचे दोन मोठे गट आहेत. एक, स्वतःचं इंजिन असलेली मोटरहोम. तिच्यात ‘क्लास ए’ म्हणजे बसएवढी मोठी, ‘क्लास बी’ म्हणजे व्हॅनमध्ये बसवलेलं घर, आणि ‘क्लास सी’ म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली, भाड्याने सर्वांत जास्त मिळणारी गाडी. दुसरा गट ओढायच्या ट्रेलरचा: कापडी भिंतींचा पॉप-अप, नेहमीचा ट्रॅव्हल ट्रेलर आणि पिकअपच्या हौद्यात जोडला जाणारा फिफ्थ व्हील.

मोटरहोम चालवायला सोपी वाटते, पण इंजिन बिघडलं की घरही गॅरेजमध्ये जातं, आणि दूध आणायला जायचं तरी सगळं आवरून घरच हलवावं लागतं. ट्रेलर कॅम्पवर सोडून गाडी घेऊन फिरता येतं. मात्र तो ओढणं आणि मागे घेणं शिकावं लागतं. ज्यांच्याकडे दणकट पिकअप आधीच आहे त्यांनी ट्रेलरचा विचार करावा. नसेल, तर पिकअपची किंमत हिशोबात धरूनच तुलना करावी.

आजी-आजोबा बरोबर असतील तर जाहिरातीतल्या ‘आठ जणांची झोपायची सोय’ या ओळीवर थांबू नका. मोटरहोममध्ये सीटबेल्ट किती आहेत, ते मोजा. आठ जण झोपू शकतील अशा गाडीत बेल्ट पाच-सहाच असू शकतात, आणि चालत्या ट्रेलरमध्ये माणसं बसवणं अनेक राज्यांत बेकायदा आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला क्लास सीच्या वरच्या पलंगावर चढता येत नाही. रात्री उठून स्वच्छतागृहापर्यंत जायला वाट आहे का, दार पूर्ण उघडतं का, हे त्यांना आत नेऊनच पाहावं.

यासाठी सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे आधी भाड्याने घेणं. ज्या प्रकारची गाडी विकत घ्यायची, त्याच प्रकारची तीन-चार दिवस वापरून पाहिली, की निम्मे वाद घरातच मिटतात. भाड्याचे पैसे वाया गेले असं वाटतं. पण वीस वर्षांच्या हप्त्यावर चुकीची गाडी घेण्यापेक्षा ते फार स्वस्त पडतं. हप्ता लहान दिसावा म्हणून आरव्हीची कर्जं पंधरा-वीस वर्षांची करून देतात. गाडीची किंमत मात्र पहिल्या काही वर्षांत कर्जापेक्षा वेगाने उतरते. मग विकायला काढली तर येणाऱ्या पैशांतून कर्जही फिटत नाही, अशी पाळी येते.

वजन: दाराच्या चौकटीवरचा आकडा

सगळ्यांत मोठा घोळ इथे होतो, म्हणून इथे थोडं थांबू. डीलरला विचारलं, “माझी एसयूव्ही हा ट्रेलर ओढेल का?” तर तो गाडीची ओढण्याची क्षमता बघतो, ट्रेलरचं कोरडं वजन बघतो आणि “आरामात” म्हणतो. दोन्ही आकडे खरे असतात, पण ते पुरे नसतात. ओढण्याची क्षमता जवळजवळ रिकामी गाडी धरून काढलेली असते, आणि कोरड्या वजनात पाणी, भांडी, कपडे यांतलं काहीच नसतं.

खरा आकडा तुमच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. माणसं आणि सामान मिळून किती पौंडांच्या वर जाता कामा नये, हे त्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. हाच पेलोड. ट्रेलर जोडला, की त्याच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार दोघांना जोडणाऱ्या हिचवर, म्हणजे तुमच्या गाडीवर येतो आणि तोही याच पेलोडमधून वजा होतो.

समजा गाडी ७,५०० पौंड ओढू शकते आणि पेलोड १,३०० पौंड आहे. भरलेला ट्रेलर ६,००० पौंडांचा. जाहिरातीच्या हिशोबाने १,५०० पौंड अजून शिल्लक आहेत. आता बेरीज करा: चार माणसं ६०० पौंड, मागच्या बाजूला सामान १५० पौंड, वजन विभागणारी हिच १०० पौंड, आणि ट्रेलरचा साडेबारा टक्के भार ७५० पौंड. एकूण १,६०० पौंड. म्हणजे मर्यादा ३०० पौंडांनी ओलांडली. मागची चाकं दबतात, पुढची हलकी होतात, आणि नेमक्या उतारावर स्टिअरिंग व ब्रेक कमी पडतात. फिफ्थ व्हीलचा भार आणखी जास्त, १५ ते २५ टक्क्यांपर्यंत असतो. तिथे पिकअपचा पेलोड काळजीपूर्वक पाहावाच लागतो.

पाण्याचं वजनही ध्यानात ठेवा. एक गॅलन पाणी सव्वाआठ पौंडांच्या थोडं वर भरतं, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की सुमारे ३३३ पौंड वाढले. घरून निघताना भरलेली टाकी नेण्यापेक्षा कॅम्पवर नळ असेल तर तिथेच भरावी. पहिल्या मोठ्या सहलीआधी नेहमीच्या सामानासकट ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर गाडी न्या. थोड्या पैशांत प्रत्येक आसावरचं वजन छापून मिळतं आणि अंदाजाचं काम संपतं.

सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला कोंबलं तर हिचवरचा भार कमी पडतो आणि ट्रेलर डावी-उजवीकडे हेलकावे खाऊ लागतो. तसं झालं तर घाबरून जोरात ब्रेक मारू नये, स्टिअरिंगने झुंजू नये. ॲक्सिलरेटर सोडावा, स्टिअरिंग सरळ धरावं आणि गाडीतल्या ब्रेक कंट्रोलरच्या बटणाने फक्त ट्रेलरचे ब्रेक हळूच लावावेत. निघण्याआधी हे बटण बोटाला न बघता सापडलं पाहिजे.

पाणी: छपरावरून येणारं आणि टाकीत साठणारं

आरव्ही जुनी होण्याआधी कुजते, आणि तेही छपरातून. व्हेंट, स्कायलाइट, कोपरे, कडा, जिथे जिथे छपराला भोक पाडलं आहे तिथे सीलंट असतो. ऊन, थंडी आणि रस्त्यावरचे हादरे यांनी तो तडकतो. केसाएवढ्या फटीतून पाणी लाकडी सांगाड्यात शिरतं आणि भिंतीवर फुगवटा दिसेपर्यंत आतली फळी भुसभुशीत झालेली असते. दर तीन महिन्यांनी छपरावर चढून सगळे सांधे पाहणं आणि फट दिसली की त्या छपराला चालणाराच सीलंट भरणं, एवढ्याने हजारो डॉलर वाचतात. वॉरंटीही बहुधा या देखभालीच्या अटीवरच टिकते.

सेकंड हँड गाडी पाहताना म्हणून नाकाचा उपयोग करा. कुबट वास, कोपऱ्यात मऊ लागणारी जमीन, कपाटाच्या आत वरच्या बाजूला पिवळट डाग, यांतलं एकही दिसलं तर मागे फिरा. नवी असो वा जुनी, डीलरशी संबंध नसलेल्या प्रमाणित आरव्ही तपासनिसाकडून तपासून घ्या. ताबा घेतानाही घाई नको. पाणी भरून प्रत्येक नळ, हीटर, एसी, फर्नेस, फ्रिज, बाहेर सरकणारी भिंत हे सगळं सहीआधी चालवून दाखवायला सांगा. अनेक राज्यांत सदोष मोटारींविरुद्धचा कायदा ट्रेलरला किंवा आरव्हीच्या घराच्या भागाला लागू होत नाही, म्हणून सहीनंतर हातात फार काही उरत नाही.

आतल्या पाण्याच्या तीन टाक्या: पिण्याचं, सिंक-शॉवरचं आणि शौचालयाचं. शौचालयाच्या टाकीबद्दल नवे लोक एक ठरावीक चूक करतात. कॅम्पवर सांडपाण्याची जोडणी मिळाली, की झडप उघडीच ठेवतात. पातळ सगळं वाहून जातं, घट्ट तळाशी साचून वाळतं, आणि मग ते काढणं हे स्वतंत्र काम होऊन बसतं. टाकीत आधी काही गॅलन पाणी टाका, झडप बंद ठेवा, दोन-तृतीयांश भरली की एकदम सोडा, आणि त्यानंतर शॉवरचं पाणी सोडून नळी धुऊन घ्या. कागद कमी आणि पाणी जास्त ही आपली घरची सवय या टाकीला उत्तम मानवते. ओल्या वाइप्स मात्र, पाकिटावर काहीही छापलेलं असो, आत टाकू नयेत.

पाणी तापवणाऱ्या टाकीत पाणी भरल्याशिवाय विजेचं बटण लावलं, तर आतला एलिमेंट लगेच जळतो. ही टाकी बहुधा सहा गॅलनची असते, म्हणून बादली-तांब्याची सवय असलेल्यांना सलग चौघांच्या आंघोळी जमत नाहीत. मधे थोडा वेळ जाऊ द्यावा लागतो.

मिनेसोटा, इलिनॉय, न्यू जर्सी अशा थंडीच्या राज्यांत हिवाळ्यापूर्वी नळांतलं पाणी काढून आरव्हीसाठीचा गुलाबी अँटिफ्रीझ भरावा लागतो. मोटारीच्या इंजिनाचा अँटिफ्रीझ विषारी असतो. तो या नळांत कधीही घालू नये. एक कडक रात्र विसरलात, तर वसंतात भिंतीच्या आतले पाइप फुटलेले सापडतात.

टायर आणि वीज

ट्रेलरचे टायर झिजून जाण्याआधी वयाने मरतात. बाजूवरच्या मजकुरातले शेवटचे चार अंक वाचायला शिका: ३५२१ म्हणजे २०२१ सालचा पस्तिसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली, की खाचा कितीही खोल दिसोत, टायर बदलावेत. ट्रेलरच्या अनेक टायरांची वेगमर्यादा ताशी ६५ मैलांची असते, तेव्हा महामार्गावरचे इतर काय वेगाने जातात ते पाहू नये. हवा थंड टायरमध्येच तपासा. चाकं काढून बसवली असतील तर पहिल्या ५० मैलांनंतर नट पुन्हा आवळा. हवेचा दाब सतत दाखवणारं यंत्र मात्र पहिल्याच महिन्यात घ्यावं, कारण ट्रेलरचा टायर बसला तरी पुढे बसलेल्याला ते वेळेत कळत नाही.

विजेबाबत दोन प्रकार आहेत. ३० अँपियरची जोडणी १२० व्होल्टची असते आणि जास्तीत जास्त ३,६०० वॉट देते. एसी, मायक्रोवेव्ह आणि वॉटर हीटर एकदम लावले की ब्रेकर पडतो. ५० अँपियरची जोडणी मोठ्या गाड्यांना असते आणि ती १२,००० वॉटपर्यंत देते. घरी ३० अँपियरचा सॉकेट बसवून घेताना एक धोका हमखास ओढवतो: तो कपडे वाळवण्याच्या यंत्राच्या सॉकेटसारखा दिसतो म्हणून इलेक्ट्रिशियन तिथे २४० व्होल्ट जोडतो, आणि प्लग लावताक्षणी आतली उपकरणं जळतात. आधी मल्टिमीटरने १२० व्होल्ट आल्याची खात्री करा. कॅम्पवरही ब्रेकर बंद करून मगच प्लग लावा आणि चुकीची वीज आत येऊ न देणारं संरक्षक यंत्र मधे बसवा.

गॅसबद्दल अनुभवी लोकांतही मतभेद आहेत. प्रवासात फ्रिज गॅसवर चालू ठेवावा की नाही, यावर दोन्ही बाजूंचे लोक ठाम बोलतात. माझ्या मते सिलिंडर बंद करूनच निघावं. दार उघडलं नाही तर फ्रिज काही तास थंड राहतो, आणि अपघात झाला तर एक धोका तरी कमी असतो. कार्बन मोनॉक्साइड आणि गॅसगळतीची सूचना देणाऱ्या यंत्रांना मुदत असते. मागे छापलेली तारीख पाहून ती बदलावीत. थंडी वाजते म्हणून शेगडी पेटवून झोपणं जिवावर बेततं.

रस्ता, जागा आणि स्वयंपाक

आपल्या गाडीची उंची एसीसकट स्वतः मोजा आणि आकडा डॅशबोर्डवर चिकटवा. उत्तर कॅरोलायनातल्या डरॅम इथला रेल्वेपूल ११ फूट ८ इंचांचा होता आणि ट्रक-आरव्हींची छपरं सोलून काढण्यासाठी तो देशभर प्रसिद्ध झाला. २०१९ मध्ये तो १२ फूट ४ इंचांवर नेला, तरीही गाड्या आपटायच्या थांबल्या नाहीत. न्यूयॉर्कच्या पार्कवेंवरचे पूलही असेच ठेंगणे. बॉल्टिमोरच्या बोगद्यांतून १० पौंडांहून मोठे प्रोपेनचे सिलिंडर नेता येत नाहीत, आणि ट्रेलरवरचा नेहमीचा सिलिंडर २० पौंडांचा असतो. म्हणजे न्यू जर्सीहून वॉशिंग्टनकडे जाणाऱ्याला वळसा घ्यावा लागतो. ग्लेशिअर नॅशनल पार्कमधल्या गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या डोंगरी टप्प्यावर २१ फुटांहून लांब गाडीला मज्जाव आहे. मोटारीसाठी केलेला नकाशा यांतलं काहीच सांगत नाही. म्हणून उंची-लांबी विचारात घेणारं आरव्हीचं नेव्हिगेशन वापरा.

ट्रेलर मागे घ्यायचा सराव रविवारी रिकाम्या पार्किंगमध्ये करा. हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला ठेवला, की हात ज्या बाजूला न्याल त्याच बाजूला ट्रेलरचं मागचं टोक वळतं. बाहेर उभ्या असलेल्याने आरडाओरडा करण्यापेक्षा फोन चालू ठेवून “थांब”, “डावीकडे” एवढंच बोलावं. शंका आली की उतरून पाहावं. मागचे थांबून राहिले तरी चालेल.

राष्ट्रीय उद्यानांतल्या अनेक जागांचं आरक्षण सहा महिने आधी उघडतं आणि लोकप्रिय जागा काही मिनिटांत संपतात. शिवाय जागेची लांबी आधी पाहावी, कारण जुन्या कॅम्पग्राउंडांत मोठी आरव्ही मावत नाही. पश्चिमेकडच्या सरकारी मोकळ्या जमिनींवर बहुतेक ठिकाणी २८ दिवसांत १४ दिवस विनामूल्य राहता येतं, पण तिथे पाणी आणि वीज आपली आपण न्यायची. जुन्या पद्धतीच्या लेड-ॲसिड बॅटरीची निम्मीच ताकद वापरायची असते, आणि थंड रात्री फर्नेसचा पंखा तीही संपवतो. पहिल्या वर्षी असा मुक्काम एकाच रात्रीचा ठेवावा.

स्वयंपाकाचं म्हणाल, तर प्रेशर कुकर विसरू नका. रॉकी पर्वतात ८,००० फुटांवर पाणी सुमारे ९२ अंश सेल्सिअसलाच उकळतं आणि उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. फोडणी मात्र बाहेरच्या शेगडीवर द्यावी. आत दिली तर धुराचा अलार्म वाजतो, आणि वैतागून त्याची बॅटरी काढून ठेवणं हा खरा धोका आहे.

पहिलं वर्ष

सगळा आढावा घेतल्यावर मला पहिल्या वर्षाचा क्रम असा दिसतो. भाड्याने वापरून प्रकार ठरवा. दाराच्या चौकटीवरचा आकडा वाचून, झेपेल त्याहून एक पाऊल लहान गाडी घ्या. तपासनिसाला पैसे द्या. ताबा मिळाला की एक रात्र घराच्या अंगणातच झोपा, मग घरापासून तासाभरावरच्या कॅम्पवर दोन रात्री, आणि जे जे बिघडलं त्याची यादी डीलरकडे न्या. अनुभवी लोक ज्याला तीनाचा नियम म्हणतात तो पाळा: दिवसाला ३०० मैलांच्या वर नाही, दुपारी तीनच्या आत मुक्कामी, आणि एका जागी किमान तीन दिवस. हे सगळं जमल्यावर यलोस्टोन.

आणि ज्यांना छपरावर चढायला, टायरची तारीख वाचायला, टाकी स्वतः रिकामी करायला वेळ किंवा इच्छा नाही, त्यांनी दर उन्हाळ्यात आरव्ही भाड्यानेच घ्यावी. डोंगर तेच दिसतात, मुलं-आजोबा तितकीच खुशीत असतात. विकत घेण्याचं खरं कारण एकच: ही देखभाल स्वतः करायला आवडणं. ती आवड असेल तर आरव्हीसारखी सोबत नाही, आणि नसेल तर कितीही सवलत मिळाली तरी गाडी महागच पडते.